दगडावरची नावे : लेणी पाहण्यापूर्वीचा एक धडा

आमच्या विद्यालयात सहलींची एक नोंदवही आहे. तीत एक पान असे आहे की, ते वाचताना आजही आम्हांला संकोच वाटतो. त्या वर्षी आम्ही सातवीच्या मुलांना घेऊन कार्ल्याची लेणी पाहावयास गेलो होतो. चैत्यगृह पाहून झाले, सर्वांचे एकत्र छायाचित्र काढून झाले, डबे उघडण्याची वेळ झाली. तेवढ्यात शेजारच्या विहाराकडून रखवालदार एका मुलाचा हात धरून आला. मुलाने टोकदार खड्याने भिंतीवर आपल्या नावाची पहिली दोन अक्षरे ओरखडली होती. रखवालदार रागावला नव्हता. "गुरुजी, पोरांना आधी सांगून आणत चला," एवढेच तो म्हणाला. मुलगा रडवेला झाला होता. खाली मान घालून त्याने विचारले, "सर, इथे तर पुष्कळांची नावे आहेत. मग माझेच का नको?"

या प्रश्नाचे उत्तर आम्हांला त्या दिवशी नीट देता आले नाही. भिंतीवर येणाऱ्या-जाणाऱ्यांची नावे होती, हे खरेच होते. परंतु थोड्याच अंतरावर, चैत्यगृहाच्या खांबांवर, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची नावेही होती आणि ती आम्ही मुलांना दाखवली नव्हती. आम्हांलाच ती वाचता येत नव्हती. मुलाची चूक होती. पण त्याला न शिकवता तेथवर नेणाऱ्यांची चूक त्याहून मोठी होती. त्यानंतर आम्ही एक नियम केला : लेणे पाहण्यापूर्वी त्यावरील नावे वाचावयाची. त्या वाचनातून आम्ही जे शिकलो, ते माजी विद्यार्थ्यांपुढे, पालकांपुढे आणि धम्मबांधवांपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

डोंगर कोरण्याची रीत

महाराष्ट्रातील बौद्ध लेण्यांचा आरंभ सुमारे इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या आसपास होतो. भिक्खूंनी पावसाळ्याचे महिने एका ठिकाणी राहून वर्षावास करावा, असा संघाचा नियम होता. सह्याद्रीचा कठीण काळा पाषाण, बारमाही पाण्याची सोय आणि जवळून जाणारा व्यापारी मार्ग, या तिन्ही गोष्टी जेथे एकत्र आल्या, तेथे लेणी कोरली गेली. कार्ले, भाजे आणि बेडसे ही लेणी बोरघाटाच्या वाटेवर आहेत. जुन्नरची लेणी नाणेघाटाच्या वाटेवर आहेत. कान्हेरी ही सोपारा आणि कल्याण या बंदरांच्या जवळ आहे.

कोरणारे कारागीर वरून खाली येत. आधी छत पूर्ण करावयाचे, मग खांबांचे माथे, मग त्यांचे देह आणि शेवटी भूमी. त्यामुळे छताच्या कामासाठी पायाड उभारावे लागत नसे. अजिंठ्याचे २४ क्रमांकाचे लेणे अपुरे राहिले आहे. तेथे उभे राहिले म्हणजे काम कोणत्या क्रमाने चालत होते, हे मुलांना सांगावे लागत नाही. ते डोळ्यांना दिसते. पूर्वीची चैत्यगृहे लाकडाची असत. त्यांची आठवण म्हणून कार्ले आणि भाजे येथे दगडी छताला खऱ्या लाकडाच्या कमानी बसवलेल्या आहेत आणि त्यांतील प्राचीन लाकूड आजही टिकून आहे.

अशा कामाला वर्षानुवर्षे लागत. मग एवढा खर्च कोणी केला? "राजाने" असे उत्तर मुले पटकन देतात. आम्हीही पूर्वी तेच देत होतो. दगडावरील नावे मात्र निराळे सांगतात.

कार्ले : खांबागणिक एक दाता

कार्ल्याचे चैत्यगृह हे भारतातील कोरीव चैत्यगृहांत सर्वांत मोठे. त्याची लांबी सुमारे ३८ मीटर आणि उंची सुमारे १४ मीटर आहे. शिलालेखांत या जागेचे नाव 'वलूरक' असे येते. आत दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा शिल्पयुक्त खांब आहेत आणि स्तूपामागे सात साधे खांब आहेत. वैजयंती, म्हणजे कर्नाटकातील आजची बनवासी, येथील भूतपाल नावाच्या श्रेष्ठीचा लेख दर्शनी भागात आहे. जंबुद्वीपात उत्तम असे हे शैलगृह आपण पूर्णत्वास नेले, असे तो अभिमानाने सांगतो.

परंतु भूतपाल एकटा नव्हता. बाहेरचा सिंहस्तंभ महारठी अग्निमित्रणक याने दिला. धेनुकाकट या गावाचा सुगंधी द्रव्यांचा व्यापारी सिंहदत्त याने एका द्वाराचे दान केले. त्याच गावचा सुतार सामी, वेणुवासाचा पुत्र, याने द्वाराचे काम केल्याची नोंद आहे. सोपाऱ्याहून आलेल्या सातिमित नावाच्या भाणकाने, म्हणजे धम्मवचनांचे पठण करणाऱ्या भिक्खूने, एक खांब दिला. धेनुकाकटाच्या यवनांनी, म्हणजे परदेशी वंशाच्या रहिवाशांनी, अनेक खांब दिले. एका भिक्खुणीनेही नक्षीच्या कठड्याचे दान केले आहे.

एक खांब, एक नाव, एक गाव आणि 'दानं' हा एक शब्द, असे हे लेख अगदी आखूड आहेत. कोणी 'मी थोर' असे म्हणत नाही. स्तुतीचे श्लोक नाहीत. आम्ही मुलांना खांबाखांबापाशी थांबवून दात्याचे नाव मोठ्याने वाचावयास लावतो. तिसऱ्या-चौथ्या खांबापाशी मुलांच्या ध्यानात येते की, हे एका धनवंताचे मंदिर नसून अनेकांनी मिळून उचललेले ओझे आहे.

सोनार, माळी, कोळी, कुणबी

इतर लेण्यांत गेले म्हणजे ही यादी आणखी वाढते. कान्हेरीला एका पाण्याच्या टाकीचे दान कल्याणच्या सोनाराने केले आहे. रायगड जिल्ह्यातील कुडा येथे दात्यांत माळी आहे, वैद्य आहे आणि कऱ्हाडचा लोखंडाचा व्यापारीही आहे. जुन्नरला धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि एक पाण्याची टाकी दिली. तेथेच चिट नावाच्या यवनाने भोजनमंडप दिला आणि इरिल नावाच्या यवनाने दोन टाक्या दिल्या. नाशिकला मुगुदास नावाच्या मासेमाराचे आपल्या परिवारासह दिलेले लेणे आहे. त्या लेण्यात राहणाऱ्या भिक्खूच्या चीवराची सोय व्हावी म्हणून धम्मनंदी नावाच्या दुसऱ्या एका गृहस्थाने शेत दिले आहे.

तळेगावजवळच्या शेलारवाडी लेण्यातील लेख आम्हांला विशेष प्रिय आहे. धेनुकाकटात राहणाऱ्या उसभणक नावाच्या नांगरधारी शेतकऱ्याची पत्नी सियगुतणिका हिने आपल्या मुलासह ते लेणे दिले. लेखात तिच्या पतीला 'कुडुबिक' म्हटले आहे. संस्कृतातील 'कुटुंबिक' आणि आपल्या मराठीतील 'कुणबी' हे त्याच शब्दाचे भाऊबंद. एका शेतकरी स्त्रीचे नाव दोन हजार वर्षे टिकले, ते तिने राज्य जिंकले म्हणून टिकले नाही. तिने भिक्खूंच्या निवाऱ्याची सोय केली म्हणून टिकले.

असे शब्द मुलांना फार आवडतात. लेखांतील 'सुवणकार' म्हणजे आपला सोनार, 'मालाकार' म्हणजे माळी, 'कासाकार' म्हणजे कासार. 'वढकि' म्हणजे सुतार. विदर्भात आजही सुताराला वाढई म्हणतात. 'लेण' हा शब्द तर तसाच्या तसा आपल्या तोंडी आहे. शिलालेखांची प्राकृत भाषा परकी नव्हे. आपल्या मराठीच्या पणजीची ती भाषा आहे.

महारठी आणि मासेमार, श्रेष्ठी आणि शेतकऱ्याची पत्नी, यांची नावे येथे एकाच रीतीने लिहिली गेली, ही गोष्ट आम्हांला मोलाची वाटते. त्या काळी समाजात उच्चनीच भेद नव्हते, असे यावरून कोणी म्हणू नये. दानाच्या जागी मात्र धंदा लपवावा लागत नव्हता. उलट तोच माणसाची ओळख म्हणून कोरला जात होता, एवढे निश्चित म्हणता येते. छिन्नी चालवणाऱ्या असंख्य हातांपैकी फार थोड्यांची नावे उरली आहेत. कोंढाणे येथे कान्हाचा शिष्य बलक याने काम केल्याची नोंद आहे, आणि पितळखोऱ्याच्या यक्षमूर्तीवर ती घडवणाऱ्या कान्हदास या सोनाराचे नाव आहे. बाकीचे कारागीर अनाम राहिले.

नाशिकचे गणित

दान करून मोकळे व्हावयाचे नाही, तर ते पुढे चालत राहील अशी व्यवस्था करावयाची, हेही या लेखांतून शिकण्यासारखे आहे. नाशिकच्या १० क्रमांकाच्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने लेणे तर दिलेच. शिवाय गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे मिळून ३००० कार्षापण कायमची ठेव म्हणून ठेवले. त्यांपैकी २००० दरमहा दरशेकडा एक या व्याजाने आणि १००० दरमहा दरशेकडा पाऊण या व्याजाने. मुद्दल काढावयाचे नाही, केवळ व्याज वापरावयाचे. पहिल्या ठेवीच्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्खूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी द्यावयाचे आणि दुसऱ्या ठेवीच्या व्याजातून किरकोळ खर्च भागवावयाचा.

आम्ही हे गणित फळ्यावर मांडतो. २००० वर दरमहा एक टक्का म्हणजे महिन्याला २०, वर्षाला २४०. वीस भिक्खूंना प्रत्येकी बारा म्हणजे २४०. हिशेब तंतोतंत जुळतो! दुसऱ्या ठेवीचे वर्षाचे व्याज ९० होते. व्याजाचे उदाहरण पुस्तकात सोडवताना कंटाळणारी मुले हे उदाहरण सोडवताना डोळे मोठे करतात. त्यांच्या ध्यानात आणखी एक गोष्ट येते. राजाचा जावई आपला पैसा विणकरांच्या हाती विश्वासाने ठेवत होता. हातमागावर काम करणाऱ्यांची संघटना तेव्हा पेढीचे काम करीत होती आणि तिच्या प्रामाणिकपणावर भिक्खूंची वस्त्रे अवलंबून होती.

विसरलेली लिपी, हरवलेली नावे

पुढे शतके लोटली. भिक्खू गेले, वाटा मोडल्या, ब्राह्मी लिपी वाचणारे कोणी उरले नाही. लेख डोळ्यांपुढे होते. पण ते मुके झाले होते. लोकांनी मग आपल्या कल्पनेने नावे दिली. एवढे मोठे काम माणसाचे असणार नाही, ते पांडवांनी एका रात्रीत केले असावे, अशा कथा जागोजागी निर्माण झाल्या. नाशिकचे त्रिरश्मी पर्वतावरील लेणे असेच 'पांडवलेणी' झाले. कथा रचणाऱ्यांचा यात दोष नाही. वाचता आले नाही म्हणजे मनुष्य कल्पना करतो. मासेमार मुगुदास आणि विणकरांच्या श्रेणी मात्र त्यामुळे विस्मृतीत गेल्या.

ही कोंडी फुटली ती १८३७ साली. जेम्स प्रिन्सेप हे सांची येथील स्तूपाच्या कठड्यावरील आखूड लेखांचे ठसे पाहत होते. बहुतेक लेखांच्या शेवटी तीच दोन अक्षरे आणि एक टिंब येत होते. हे दात्यांचे लेख असावेत आणि शेवटचा शब्द 'दानं' असावा, असा त्यांनी तर्क केला. तो खरा ठरला. त्या एका शब्दाने 'द' आणि 'न' ही अक्षरे हाती आली आणि ब्राह्मी लिपीचे कुलूप उघडत गेले. अशोकाच्या आज्ञा, सातवाहनांची नावे, लेण्यांतील दाते, सारे पुन्हा बोलू लागले. ज्या शब्दासाठी हे लेख कोरले गेले, तोच शब्द त्यांची किल्ली ठरला. पुढे भगवानलाल इंद्रजी यांच्यासारख्या विद्वानांनी पश्चिम भारतातील लेण्यांचे लेख परिश्रमपूर्वक वाचून प्रसिद्ध केले. आज आपण सियगुतणिकेचे नाव घेऊ शकतो, ते अशा विद्वानांच्या श्रमामुळे.

एकाच लेण्यातील दोन नावे

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे परत येऊ. त्याचे उत्तर आम्हांला अजिंठ्याच्या १० क्रमांकाच्या लेण्यात सापडले. हे तेथील सर्वांत प्राचीन लेण्यांपैकी एक. त्याच्या दर्शनी भागावर वासिठीपुत कटहादि याचा लेख आहे. लेण्याचा दर्शनी भाग त्याने दान दिला. त्याच लेण्यात आणखी एक नाव आहे. १८१९ च्या एप्रिलमध्ये शिकारीसाठी आलेला जॉन स्मिथ नावाचा ब्रिटिश अधिकारी तेथे पोहोचला. लेणे तेव्हा मातीने आणि दगडधोंड्यांनी भरलेले होते. त्या ढिगावर उभे राहून त्याने बोधिसत्त्वाच्या चित्रावर आपले नाव आणि तारीख ओरखडली. ढीग पुढे काढला गेला. म्हणून ते नाव आज माणसाच्या नजरेच्या बरेच वर दिसते.

दोघांचीही नावे एकाच दगडी घरात आहेत. एकाने लेण्याला काही दिले आणि मग नाव लिहिले. दुसऱ्याने लेण्याचे काही घेतले आणि मग नाव लिहिले. अजिंठ्याची वार्ता स्मिथच्या त्या भेटीनंतर जगभर पोहोचली, हेही खरे. परंतु त्याच्या ओरखड्याखालचा रंग परत आला नाही. १९८३ साली अजिंठा जागतिक वारशाच्या यादीत गेले, तरी तो ओरखडा तसाच आहे. एवढे सांगितले म्हणजे "माझेच नाव का नको?" हा प्रश्न मुले स्वतःच सोडवतात.

कायद्याचे बोलावयाचे तर, प्राचीन स्मारकांच्या संरक्षणाचा १९५८ चा अधिनियम आहे. २०१० च्या दुरुस्तीनंतर संरक्षित स्मारकाची नासधूस करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा या दोन्ही शिक्षा होऊ शकतात. बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली घडलेल्या आपल्या संविधानात १९७६ साली मूलभूत कर्तव्ये समाविष्ट झाली; आपल्या संमिश्र संस्कृतीच्या वारशाचे मोल जाणून तो जतन करणे, हे त्यांपैकी एक आहे. पण शिक्षेच्या भीतीने हात थांबण्यापेक्षा ओळखीने थांबावा, असे आम्हांला वाटते. ज्या सोनाराचे नाव आपण वाचले, त्याच्या टाकीत प्लास्टिकची बाटली टाकावयास मुलाचा हात धजत नाही.

सहलीला जाताना

आपण मुलाबाळांसह लेणी पाहावयास जाल, तेव्हा पुढील चार गोष्टी कराव्यात, अशी आमची विनंती आहे. पहिली, घरून निघण्यापूर्वी त्या लेण्यातील दोन तरी दात्यांची नावे मुलांना सांगावीत आणि ते लेख कोठे आहेत, ते तेथे शोधावयास लावावे. दुसरी, ब्राह्मीतील 'न' हे अक्षर मुलांना शिकवावे. आडव्या रेघेवर मधोमध एक उभी रेघ, एवढेच ते आहे. लेखाच्या शेवटी ते आणि त्याच्याजवळ टिंब दिसले, की बहुधा आपण 'दानं' पाहत आहोत. तिसरी, अक्षरांना हात लावू नये. त्यांत खडू वा पाणी भरू नये. सकाळचे किंवा संध्याकाळचे तिरपे ऊन पडले म्हणजे झिजलेली अक्षरेही उठून दिसतात. चौथी, मोठे चैत्यगृह पाहून परत फिरू नये. पाण्याच्या टाक्या, भिक्खूंच्या खोल्या, दगडी बाके हीही पाहावीत. भाजे येथे थोर भिक्खूंच्या स्मरणार्थ उभारलेल्या चौदा स्तूपांचा समूह आहे. पुष्कळ लोक तेथवर जातच नाहीत.

आमची नोंदवही

शेवटी थोडे आमच्या विद्यालयाविषयी. या स्मरणिकेसाठी जुनी कागदपत्रे चाळताना पहिल्या इमारतीच्या वेळची दानाची वही हाती आली. कोणी पत्रे दिले, कोणी दरवाजा दिला, कोणा गवंड्याने आठ दिवसांची मजुरी घेतली नाही. एके ठिकाणी लिहिले आहे : "एक आजी. नाव सांगितले नाही. तांदूळ दोन पायल्या." ही वही वाचताना आम्हांला कार्ल्याचे खांब आठवले. एक वस्तू, एक नाव, एक गाव. त्या आजींचे मात्र नावही नाही.

वहीची काही पाने वाळवीने खाल्ली आहेत. दगडावरची अक्षरे दोन हजार वर्षे टिकली. आमची कागदावरची नावे एका पिढीतच पुसू लागली आहेत. म्हणून माजी विद्यार्थ्यांना आणि वडीलधाऱ्यांना आमची प्रार्थना आहे की, त्या काळी आपल्या घरातून, वस्तीतून वा गावातून कोणी काही दिल्याचे आपणांस आठवत असेल, तर ते आम्हांला कळवावे. वस्तू लहान असली तरी चालेल. त्या आजी कोणत्या गावच्या, एवढे जरी कोणी सांगितले, तरी आम्ही ते वहीत लिहून घेऊ.

भिंतीवर दोन अक्षरे ओरखडणाऱ्या त्या मुलाने पुढच्या वर्षी आमच्याबरोबर पुन्हा यावयाची परवानगी मागितली. त्या वेळी लहान मुलांच्या रांगेपुढे उभा राहून कोणत्या खांबाचा दाता कोण, हे तोच सांगत होता. परतताना त्याने रखवालदाराला नमस्कार केला. सहलींच्या नोंदवहीत त्या संकोचाच्या पानापुढचे पान हेच आहे.